मिरजेची गोळी आणि चिकोडीची पूड

मुंबई,
दि. १२ फेब्रुवारी १९८४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. प्रकृतीविषयी दोन ओळी आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घांविषयी पानभर, म्हणजे निपाणीचे मुख्याध्यापक ठीक आहेत असं समजते. काकूंना सांगा, शेंगदाण्याची चटणी पोचली. वसतिगृहातल्या मुलींनी डबा माझ्या डोळ्यांदेखत रिकामा केला आणि वर, तुझ्या काकू पुन्हा कधी पाठवणार, असंही विचारलं.

तुम्ही विचारलं होतंत की इतकी वर्षं शिकून मी नक्की करते काय. तर ऐका. आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात. परदेशातल्या एका बाईच्या अंगातून काढलेल्या त्या पेशी. बाई केव्हाच वारली, पेशी मात्र बशीत वाढतच आहेत. तिला तुमच्यासारखाच, सावकाश चालणारा प्रकार होता.

चीनमध्ये अकरा जिनसांची एक जुनी गोळी आहे. तिथले वैद्य ती भलत्याच तक्रारींवर देत. पुढे डॉक्टरांनी ती या रोगाच्या माणसांना देऊन पाहिली, आणि काहींच्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या. मग त्यांनी एकेक जिन्नस वेगळा काढून तपासला, तेव्हा खरं काम करणारा एकच निघाला, तो म्हणजे नीळ. झाडापासून काढतात ती, धुण्याची नव्हे. त्या निळीत थोडंसं तांबडं द्रव्य असतं आणि तेच पेशींची वाढ रोखतं.

आम्ही ते द्रव्य मिळवून बशीत घातलं. काका, गेल्या मंगळवारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मला तुमची आठवण झाली. पेशी वाढायच्या थांबल्या होत्या. तुमच्याच रोगावरचं औषध आहे हे! अजून पुष्कळ काम व्हायचं आहे, पण मुलीच्या हातची एखादी चांगली बातमी घरी जावी म्हणून लगेच लिहायला बसले.

हे पत्र तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलंत तर मी महिनाभर बोलणार नाही, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
जया

---

निपाणी,
दि. ३ मे १९८४

ती. भाऊजींस तानुबाईचा जयभीम.

मी सवता लिवतीया. ह्यास्नी ठावं न्हाय. अक्षर वाईट हाय, समजून घ्या.

तुमच्या भावानं मिरजेच्या गोळ्या सोडल्यात. भीमजयंतीच्या आदी महिनाभर झालं, एक बी पोटात गेलेली न्हाय. जयाचं पत्र आलं तवापासनं मानूस जमिनीवर न्हाय. पत्र खिशात घालून चिकोडीच्या वैद्याकडं गेलते. त्यो म्हनला, ही नीळ आमच्या बी पोथीत हाय, डाव्या कुशीतली पानथरी वाढली तर आमी देतोच. पर माझी पूड घ्यायची तर डाक्टरची गोळी बंद, दोन्ही एका पोटात भांडत्यात. झालं! त्याच दिशी गोळ्या फळीवर टाकल्या. वांगं न्हाय, आंबट न्हाय, त्याल न्हाय. म्या म्हनलं, जल्मात बायकोचं ऐकलं न्हाय आन वैद्याचं बरं गुमान ऐकताय. तर हसत्यात.

जीब निळी झालीया. साळा सुटायच्या आदी पोरं गुरुजींची जीब बघाय दारात यायची. ह्ये म्हनत्यात, निळ्या रंगानं आपल्या मानसांचं कवा वाईट केलं न्हाय.

पर भाऊजी, डाव्या बरगडीखाली हात लावला तर दगडागत लागतंय. दोन घासांत पोट भरतंय. सदऱ्याची खालची बटनं लागत न्हाईत आन गळ्याची हाडं मोजून घ्यावीत.

आन दुसरं सांगायचं म्हंजे, तंबाखूच्या वखारीतला मष्णू हाय न्हवं, त्येची अक्काताई ह्येंच्याच साळंत चौथीला. त्या पोरीला बी रक्ताचंच हाय. मिरजेला इंजेक्शनं झाली आन पोर उठून खेळाय लागलती, नुसत्या गोळ्या चालू होत्या. ह्येनी जयाचं पत्र मष्णूला वाचून दावलं. आता त्यो बी चिकोडीला जायलाय आन पोरीच्या गोळ्या बंद. म्या बोल्ले तर म्हनत्यात तुला काय कळतंय. मला कळत न्हाय, व्हय. पर पोरीच्या हिरड्यांतनं परत रगत यायलंय ते मला दिसतंय की.

तुमी या न्हायतर लिवा. माझं नाव सांगू नका. थोरल्या जाऊबाईंना जयभीम.

तानुबाई

---

खासबाग, बेळगाव,
दि. ७ मे १९८४

चि. यल्लाप्पा यास,
अ. उ. आ.

पत्रारंभी क्षेमकुशल विचारण्याचा प्रघात आहे. तुझे क्षेम तू स्वतःच निकालात काढलेले असल्यामुळे या पत्रापुरता तो प्रघात मी बाजूस ठेवतो.

तू मिरजेच्या गोळ्या बंद केल्या आहेस, हे मला समजले आहे. कोणाकडून समजले, हे विचारण्यात वेळ दवडू नये. तू मुख्याध्यापक आहेस. सहावीतल्या मुलाने गणिताची अर्धी रीत लिहून खाली उत्तर ठोकून दिले, तर तू त्याला बाकावर उभा करतोस. तुला आता कोणत्या बाकावर उभे करावे, हे मला सुचत नाही.

जयाने तुला लिहिले, आणि ज्याची नक्कल तू कौतुकाने मला पाठवलीस, ते एका काचेच्या बशीविषयी. तू बशी नाहीस. बशीला जठर नसते, यकृत नसते, बायको नसते. चीनमधील डॉक्टरांनी जे दिले ते रोग्यांना आपल्या देखरेखीखाली ठेवून, रक्त पुन्हा पुन्हा तपासून दिले असणार. तुझ्या वैद्याने तुझे रक्त केव्हा तपासले? त्याच्या पुडीत नीळ किती, तिच्यातले ते तांबडे द्रव्य किती, की केवळ रंगीत माती आहे, हे त्याला तरी ठाऊक आहे काय? आणि दोन औषधे एका पोटात भांडतात, हा सिद्धान्त त्याने कोणत्या प्रयोगाने सिद्ध केला?

छप्पन्न साली आपण आईचे देव वेदगंगेत सोडले. तू तेव्हा सोळा वर्षांचा होतास. आई घाटावर रडत बसली होती, आणि तू तिला सांगत होतास की आता जे पटेल आणि सिद्ध होईल तेच आपण मानायचे. आईने ते मानले. तू मात्र आज एका पुडीपुढे हात जोडून उभा आहेस. बासष्ट साली चीनच्या निषेधार्थ शाळेच्या मुलांची फेरी काढणाराही तूच होतास. आता तेथून एक गोळी निघाल्याची वार्ता आली, आणि तुझे सगळे निषेध विरघळले.

तुझ्या आजाराचे तू काय करतोस त्यावर मी भांडेन, ओरडेन, आणि थकून गप्प बसेन. परंतु मष्णूच्या मुलीला तू यात ओढलेस, याला मजजवळ सौम्य शब्द नाही.

मी निपाणीस येत नाही. तुला उचलून मोटारीत घालण्याइतका तू लहान राहिलेला नाहीस, आणि तोंडासमोर माझा राग मला आवरणार नाही. येत्या सोमवारी मिरजेस जावे. गेल्याचे पत्राने कळवावे.

लोभ आहेच. त्याचा गैरफायदा मात्र आता पुरे.

तुझा,
मायाप्पा सत्याप्पा मधाळे

---

निपाणी,
दि. १२ मे १९८४

ती. अण्णांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचे पत्र पोचले. कळवणाऱ्या व्यक्तीचे नाव तुम्ही गुप्त ठेवले आहे. ती व्यक्ती या क्षणी चुलीपुढे बसून माझ्याकडे न पाहता भाकरी थापते आहे. तिला मी काही बोललो नाही. तुम्हांला मात्र बोलणार आहे.

गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवले आणि तुम्हांला आत बोलावले. बाहेर आल्यावर तुम्ही मला सांगितलेत की काळजीचे कारण नाही, गोळ्या नियमित घेतल्या की झाले. अण्णा, दार उघडे होते. या गोळ्यांनी रोग दबतो, जात नाही. दोन वर्षे, फार तर चार. हे डॉक्टरांचे शब्द मी बाकावर बसून ऐकले, आणि त्यानंतर तुमचे शब्दही ऐकले. परतीच्या मोटारीत तुम्ही मला मोसंबी सोलून देत होता. मी ती खाल्ली. मी विचारीन म्हणून वर्षभर तुम्ही माझ्याकडे येणे टाळलेत, आणि तुम्ही सांगाल म्हणून मी वाट पाहिली.

आता तुम्ही मला अर्ध्या रीतीचा दोष देता. मला अर्धी रीत कोणी शिकवली?

मी देवापुढे हात जोडलेले नाहीत. देवऋषी केला नाही, नवस बोललो नाही, दंडाला दोरा बांधला नाही. या पुडीमागे देव नाही, जया आहे. आपल्या घरातली, आपण शिकवलेली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली जया. तिने लिहिले की हे तुमच्याच रोगावरचे औषध आहे. तिला शिकवले कशासाठी? तिच्या शब्दावर आपल्याला विश्वास ठेवता यावा, दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, म्हणूनच ना? ज्या देशात बुद्धाची वाट पोचली तेथल्या वैद्यांनी शोधलेले, आणि आपल्या मुलीने तपासलेले औषध. याहून अधिक सिद्ध ते काय असते, हे मला कॉमर्सच्या पदवीधराने समजावून द्यावे.

पोट दुखते, हे खरे. वैद्य म्हणतो की रोग बाहेर पडतो आहे.

मष्णूवर मी सक्ती केलेली नाही. त्याने विचारले, मी पत्र वाचून दाखवले. पंचवीस वर्षे मी दुसरे काय केले आहे? ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवले.

मी मिरजेस जाणार नाही. यापुढे या विषयावर पत्र लिहून श्रम घेऊ नयेत. माझ्या नमस्कारात मात्र उणे मानू नये.

आपला,
यल्लाप्पा

---

खासबाग, बेळगाव,
दि. १६ मे १९८४

चि. जयास,
अ. उ. आ.

तुझ्या काकाचे पत्र या लखोट्यात घालतो आहे. ते आधी वाच, आणि मग हे पुढे वाच.

तू फेब्रुवारीत त्याला जे लिहिलेस, त्यात असत्य असे एक अक्षरही नाही. म्हणूनच मला तुझा अधिक राग येतो. खोटे असते तर ते खोटे म्हणून फेकून देता आले असते. तू खरे लिहिलेस, आणि जेथे लिहायला हवे होते तेथे थांबलीस. त्या द्रव्याने रोगट पेशी रोखल्या. निरोगी पेशींचे काय झाले? तू त्या पाहिल्यास काय? पाहिल्या नसतील, तर पाहिल्या नाहीत असे का लिहिले नाहीस? ते माणसाच्या पोटात गेल्यावर काय होते? आणि ते तुझे द्रव्य, ही चिकोडीची पूड आणि ती चिनी गोळी या तीन वस्तू एकच आहेत, अशी समजूत एखाद्या माणसाची होईल, हे तुझ्या ध्यानात का आले नाही?

तू या भागात वाढलीस. आपल्याकडे वैद्याचे औषध सुरू झाले की डॉक्टरचे बंद होते, हे पथ्य तुला कोणी स्वतंत्रपणे शिकवायला हवे होते काय? “मिरजेच्या गोळ्या सोडू नका” या चार शब्दांना तुझ्या कागदावर जागा नव्हती? चटणीच्या डब्याला होती.

तुझ्या काकूने एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पुडीचे एक पुडके माझ्याकडे पोचवले आहे. ते रजिस्टर पार्सलने पाठवतो. तुझ्या बशीत घालून पाहा. परवानगी लागत असेल तर मागून घे. जे निघेल ते तू स्वतः त्याला लिही. माझ्या पत्राचा त्याच्यावर परिणाम झाला नाही. तो म्हणतो की दार उघडे होते. ते खरे आहे, म्हणून मी त्याला लिहिण्याचे थांबवले आहे.

नऊ वर्षांच्या एका मुलीचाही यात प्रश्न आहे. तो कसा, ते तुझ्या काकूने मला लिहिलेल्या पत्रात आहे; तेही सोबत घातले आहे. विलंब करू नये.

तुझी आई तुला भेटायला ये म्हणते. माझे मत असे की प्रथम काम करावे.

तुझा,
अण्णा

---

मुंबई,
दि. ९ जून १९८४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

या पत्राची एक प्रत मी अण्णांना पाठवते आहे, म्हणजे कोणी कोणाला काय सांगितलं आणि काय लपवलं, हा प्रश्नच उरणार नाही. मी रागावलेली आहे. तुमच्यावर, अण्णांवर, आणि सगळ्यात जास्त त्या फेब्रुवारीतल्या मुलीवर, जिने घाईघाईने पत्र पेटीत टाकलं.

आधी तुमच्या पुडीबद्दल. सरांची परवानगी काढून ती मी तपासली. एका बशीत आमचं शुद्ध द्रव्य, दुसरीत तुमच्या पुडीचा अर्क, तिसरीत काहीच नाही. पहिल्या बशीत पेशींची वाढ मंदावली. तुमच्या बशीत आणि काहीच न घातलेल्या बशीत फरक नाही. काका, तीन महिने तुम्ही काहीच न घातलेली बशी होऊन बसला आहात. त्या परदेशी बाईच्या पेशी तुमच्या पुडीत मजेत वाढल्या. तुमच्याही तशाच वाढत असणार. डाव्या बरगडीखाली जे लागतं ते रोग बाहेर पडणं नव्हे, रोग घर करून बसणं आहे.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. निरोगी पेशी तेव्हा मी पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या. द्रव्य थोडं असेल तर त्या तगतात, जास्त झालं तर त्याही बसतात. थोडं किती आणि जास्त किती, हे अजून आम्हाला नीट सांगता येत नाही. चीनमध्ये ज्यांना ते दिलं त्यांतल्या काहींना गुण आला आणि काहींना पोटदुखीने आणि जुलाबांनी हैराण केलं. तेही दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. नीळ खोटी नाही, काका. उद्या तिच्यातून खरंच औषध निघेल. पण माझ्या बशीतून तुमच्या पोटापर्यंत यायला तिला अजून किती वर्षं लागतील, ते मला ठाऊक नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी स्वतः निपाणीच्या स्टँडवर उतरेन.

मिरजेची गोळी तुमचा रोग घालवत नाही, हे खरं आहे. अण्णांनी ते लपवायला नको होतं. याबद्दल तुम्ही त्यांच्याशी हवं तेवढं भांडा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण त्यांच्यावरचा राग तुम्ही गोळीवर का काढलात?

आता जे लिहिते ते बसून वाचा.

अक्काताईचा रोग वेगळा आहे. दोघांच्या रोगाला लोक एकाच नावाने हाक मारतात, एवढंच. माझ्या बशीतल्या पेशी तुमच्या प्रकारच्या होत्या. तिच्या प्रकारावर मी काही करून पाहिलेलंच नाही. आणि लहान मुलांच्या त्या प्रकारात इंजेक्शनांनंतर गोळ्या नेमाने, दोन-अडीच वर्षं घेतल्या तर काही मुलं पुरती बरी होतात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ती मुलं तपासणीला येतात. जिन्यात एकमेकांना ढकलतात, शिपायाच्या शिव्या खातात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या की रोग परततो, आणि परतलेला आधीपेक्षा हट्टी असतो. तिच्या हिरड्यांतून रक्त येतं, असं काकू म्हणतात.

तुमच्यासाठी ती गोळी म्हणजे दोन-चार वर्षं. तिच्यासाठी कदाचित सबंध आयुष्य. तुम्ही तिला आपल्या पंगतीला बसवलंत आणि तिच्या ताटातलं काढून घेतलंत. माझं पत्र वाचून दाखवून काढून घेतलंत, म्हणून हे दुसरं पत्रही तुम्हीच मष्णूला वाचून दाखवायचं. सगळं. मी तुम्हाला जे बोलले आहे ते गाळायचं नाही.

तुमच्या जिवाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी रडेन, पण अडवणार नाही. तिचं ठरवायचा अधिकार मात्र तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

माझ्यावर माया करत राहा. आता ती मिळण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरीही.

तुमची,
जया

---

मिरज,
दि. २३ जून १९८४

ती. अण्णांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

जयाचे पत्र तुमच्याकडेही आले असेल. हे पत्र दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितो आहे. टेकायला पाठीमागे भिंत आहे. अक्षर त्यामानाने बरे आले आहे.

पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मी मष्णूकडे गेलो. तो वखारीतून नुकताच आला होता, अंगाला तंबाखूचा ठसका लावणारा खाट येत होता. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, काही गाळले नाही. काहीच न घातलेल्या बशीचे वाक्य वाचताना मी अडखळलो, तेव्हा नागुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाण्याचा तांब्या पुढे केला. मग मी पुन्हा तेथूनच वाचले. मष्णू खाली पाहत ऐकत राहिला. मग म्हणाला की गुरुजी, तवा बी तुमीच वाचलं, आता बी तुमीच वाचताय, आमी कुठलं खरं धरायचं? त्याने ते आणखी दोनदा विचारले, प्रत्येक वेळी आवाज चढवून, आणि शेवटी त्याने माझ्या अंगावर हात टाकला असता तर मी तो अडवला नसता. नागुबाई मात्र उठली आणि मुलीचे दोन झगे पिशवीत भरू लागली. आमचा वाद तेथे संपला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने आम्ही चौघे निघालो. चिकोडीच्या स्टँडवर मोटार थांबली. वैद्याचे घर तेथून दोन गल्ल्यांवर. त्याच्या पडवीत या वेळी दहापाच माणसे बसलेली असतात, हे मला ठाऊक होते. उतरावे, त्या सगळ्यांसमोर त्याची पूड त्याच्या अंगणात ओतावी, असे हातापायांना वाटत होते. परंतु अक्काताई माझ्या खांद्यावर डोके टाकून झोपली होती, म्हणून बसून राहिलो. तो राग तेवढा शिल्लक आहे. परतताना तेथे उतरणार आहे.

येथे डॉक्टरांनी मला रांगेतल्या सगळ्या माणसांदेखत झाडले. मुख्याध्यापक असून, हे शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की शेवटी शेजारची म्हातारी मला विचारू लागली की तुमी मारामारी केली का काय. मुलीचा रोग परतला आहे. इंजेक्शने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहेत. डॉक्टर वचन देत नाहीत. उशीर झाला आहे, एवढेच म्हणतात, आणि फार उशीर झाला असे म्हणत नाहीत. त्या दोहोंमधल्या अंतरावर मष्णू आणि नागुबाई बसून आहेत.

अण्णा, आता एक गोष्ट सरळ लिहितो. मी मुलीला घेऊन आलो होतो, स्वतःसाठी आलो नव्हतो. तिला पोचवायचे, दाखल करायचे आणि परत जायचे, असे माझे ठरले होते. तुम्ही मला वर्षभर फसवलेत, त्या रागाला मी इतका धरून होतो की गोळी घेणे म्हणजे तुमचे खरे करणे, असे मला वाटत होते. डॉक्टरांनी माझेही रक्त घेतले, पोट दाबून पाहिले, तोंड वाकडे केले, आणि नव्या गोळ्यांची पुडी हातात दिली. मी ती खिशात टाकली. पूर्वीच्या फळीवर होत्या, या खिशात, एवढाच फरक.

दुसऱ्या सकाळी अक्काताईने गोळ्या घ्यायला नकार दिला. ओठ घट्ट मिटून बसली. नर्सने समजूत घातली, नागुबाईने दटावले, मष्णू बाहेर निघून गेला. मी जवळ गेलो, तर तिने मला विचारले की या गोळीनं काय हुईत न्हाय म्हणून तुमीच सांगितलं हुतं की न्हाय. मी म्हणालो, सांगितले होते. ती म्हणाली की मग आता का खाऊ? मी म्हणालो की माझे चुकले होते. शाळेत असे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकले नसावे. मग म्हणाली की चुकलं आसंल तर तुमची गोळी तुमी आदी गिळा.

माझ्या खिशात पुडी आहे, हे तिने पाहिलेले होते.

अण्णा, तुमचे पत्र, जयाचे पत्र, तानुबाईचे तीन महिन्यांचे टोचून बोलणे, डॉक्टरांचे झाडणे, या सगळ्यांपुढे मी ताठ उभा होतो. त्या पोरीपुढे मला उभे राहता येईना. मी तिच्या खाटेवर बसलो. नर्सने पाणी दिले. मी गोळी तोंडात टाकली आणि गिळली. अक्काताईला ते पुरेसे वाटले नाही. तिने एक बोट माझ्या गळ्यावर, घाटीवर ठेवले आणि पुन्हा गिळा म्हणाली. मी पुन्हा आवंढा गिळला. बोटाखाली घाटी हलली, तेव्हा तिची खात्री पटली. मग तिने तोंड उघडले आणि नर्सकडे पाहिले.

तेव्हापासून रोज सकाळी हाच क्रम आहे. माझ्या गळ्यावर बोट ठेवल्याशिवाय ती स्वतःच्या गोळीला हात लावू देत नाही, म्हणून मला येथून हलता येत नाही. शाळेस रजेचा अर्ज पाठवला आहे. मष्णूशेजारी धर्मशाळेत निजतो. तो माझ्याशी अजून बोलत नाही, परंतु काल त्याने माझ्यासाठीही चहा आणला.

त्या उघड्या दाराबद्दल मला तुमच्याशी भांडायचे आहे. ते पत्राने होणार नाही. तुम्ही येथे यावे, रविवारी यावे, आणि सकाळी लवकर यावे, म्हणजे गोळ्यांच्या वेळी येथे असाल. लोभ करावा, आणि येताना मोसंबी आणू नयेत.

आपला,
यल्लाप्पा